ध्वनीचे चित्र आणि त्यातील निवड

पॅरिस येथील मुद्रण-व्यवसायातील एक गृहस्थ एदुआर-लेआँ स्कॉट द मार्तिनव्हिल यांनी १८५७ साली एका यंत्राचे पेटंट घेतले. फोनॉटोग्राफ हे त्याचे नाव. कर्ण्यासमोर बोलले म्हणजे त्याच्या दुसऱ्या टोकावरील पातळ पडदा कंप पावे, पडद्यास जोडलेला राठ केस हाले आणि काजळी धरलेल्या कागदावर नागमोडी रेघ उमटे. ध्वनी पुन्हा ऐकविण्याचा स्कॉट यांचा हेतूच नव्हता. बोलणे डोळ्यांनी वाचता यावे, एवढीच त्यांची आकांक्षा होती. ९ एप्रिल १८६० रोजी त्यांनी एका फ्रेंच लोकगीताचा अंश अशा रीतीने कागदावर उतरविला. त्या रेघेस २००८ साली संगणकाच्या साहाय्याने वाचा फुटली. प्रथम तो आवाज एखाद्या मुलीचा असावा असे वाटले. परंतु गीताच्या रेघेशेजारी नादकाट्याचीही रेघ होती आणि त्याच्या कंपनांची संख्या प्रत्यक्षाच्या दुप्पट धरली गेली होती. ती चूक ध्यानात आल्यावर निम्म्या वेगाने वाजविताच पुरुषाचा, बहुधा स्वतः स्कॉट यांचाच, आवाज ऐकू आला. चित्र बरोबर होते. काळाचे माप तेवढे चुकले होते.

आज ध्वनिसंपादनाची आज्ञावली संगणकावर उघडली असता पडद्यावर जो तरंगालेख दिसतो, तो मूलतः स्कॉट यांच्या रेघेचाच वंशज होय. डावीकडून उजवीकडे काळ आणि वर-खाली हवेच्या दाबातील चढउतार, अशी त्याची मांडणी असते. मात्र ही रेघ अखंड नसते. कॉम्पॅक्ट डिस्कच्या पद्धतीत दर सेकंदास ४४,१०० वेळा दाब मोजला जातो आणि प्रत्येक मापास ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक पायरी दिली जाते. माणसास सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो आणि एखादे कंपन यथार्थ नोंदण्यास त्याच्या दुपटीहून अधिक मापे लागतात. म्हणून हा आकडा.

आता असे समजा की, एक तासाचे भाषण दोन हजार ठिपके रुंदीच्या पडद्यावर मांडले आहे. एका ठिपक्याच्या वाट्यास पावणेदोन सेकंदांहून अधिक काळ, म्हणजे सुमारे ७९,००० मापे येतात. त्यांत एखादे वाक्यसुद्धा लपून जाईल. अशा दृश्यावरून भाषणातील विराम कोठे आहेत, टाळ्या कोठे पडल्या, एवढे कळते. शब्द कापण्यास ते निरुपयोगी होय. दृश्य मोठे करीत गेले असता प्रथम शब्द, मग अक्षरे आणि अखेरीस एकेक माप सुट्या ठिपक्यासारखे दिसू लागते.

निवड करणे म्हणजे या आलेखाचा एक तुकडा दोन टोकांनी अधोरेखित करणे. टोक जर लाटेच्या शिखरावर पडले, तर कापल्यानंतर जोडाच्या जागी दाब एकाएकी उडी घेतो आणि ‘टक्’ असा आवाज होतो. यास्तव रेघ शून्यरेषेस जेथे छेदते, तेथेच कापण्याचा प्रघात आहे. २००० साली प्रथम प्रसृत झालेल्या ऑडॅसिटी या विनामूल्य आज्ञावलीत ‘झेड’ ही कळ दाबली असता निवडीची दोन्ही टोके जवळच्या छेदावर सरकतात.

नवशिक्याची खरी फसगत होते ती रिकाम्या दिसणाऱ्या जागी. ‘पत्ता’ हा शब्द पाहावा. दोन स्वरांच्या मध्ये रेघ जवळजवळ सपाट होते, कारण जीभ दातांस टेकून वाट अडविते. ही जागा निरर्थक शांतता समजून आखूड केली की ‘त्त’चे द्वित्व नाहीसे होऊन ‘पता’ ऐकू येऊ लागते. ‘खण’ या शब्दात ‘क’च्या स्फोटानंतर श्वासाची बारीक खरखर दिसते. ती दोष मानून पुसली, तर ‘कण’ ऐकू येण्याचा संभव असतो. वक्त्याने न उच्चारलेला शब्द त्याच्या तोंडी घालण्यास एवढे पुरते! साक्ष किंवा मुलाखत संपादित करणाऱ्याने निवडलेला भाग आधी ऐकावा आणि मूळ ध्वनिमुद्रण जसेच्या तसे ठेवावे, हे बरे.

दोन ध्वनी एकाच वेळी चालू असले म्हणजे तरंगालेख अपुरा पडतो. तेथे ध्वनिवर्णपट उपयोगी पडतो. १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांत विकसित झालेल्या या चित्रात उभ्या अक्षावर कंपनसंख्या असते आणि ध्वनीची तीव्रता गडद-फिक्या छटेने दिसते. भारतातील वीजपुरवठा ५० कंपनांचा असल्याने सदोष जोडणीतून येणारी गुणगुण ५०, १०० अशा कंपनसंख्यांवर आडव्या रेषांच्या रूपाने स्पष्ट दिसते. काळाप्रमाणेच कंपनसंख्येचाही पट्टा निवडता येतो. परंतु काळ आणि कंपनसंख्या दोन्ही एकदम सूक्ष्मतेने पाहता येत नाहीत: निरीक्षणाचा कालखंड लहान केला की रेषा जाड होतात, मोठा केला की क्षण पुसट होतात. शिवाय अनेक पुरुषांचा मूळ स्वर १०० कंपनांच्या आसपासच असतो. तेथील पट्टा रुंद घेतला, तर गुणगुणीबरोबर आवाजाचा भारदस्तपणाही जातो. म्हणून अशा ठिकाणी पट्टा शक्य तितका अरुंद घेतात.