जळजळीचे औषध आणि साथीचा रोग

छातीत जळजळ होऊ लागली म्हणजे जी गोळी घेतात, तीच विषाणूच्या रोगावरही गुणकारी ठरेल काय? प्रश्न विचित्र वाटेल; परंतु २०२० साली कोविडच्या साथीत नामांकित डॉक्टरांनी तो गंभीरपणे विचारला. ते औषध म्हणजे फॅमोटिडीन. हिस्टामिन नावाचे द्रव्य जठरास आम्ल स्रवण्याची आज्ञा देते. फॅमोटिडीन ती आज्ञा वाटेतच अडविते.

चीनमधील वूहान येथे काही डॉक्टरांस असे दिसले की, हे स्वस्त औषध घेणारे गरीब रुग्ण महागडे औषध घेणाऱ्यांपेक्षा अधिक तग धरीत आहेत. पुढे न्यूयॉर्कमध्ये १,६२० रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. फॅमोटिडीन मिळालेल्या ८४ जणांपैकी ८ जण दगावले अथवा त्यांच्या श्वासनलिकेत नळी घालावी लागली. इतरांत हे प्रमाण शेकडा २२ होते.

हे वाचून कोणासही आशा वाटेल. तथापि नोंदींवरून औषध कोणी घेतले एवढेच कळते. औषधामुळेच तो वाचला, हे कळत नाही. ज्यांस गोळी मिळाली ते मुळातच कमी आजारी असू शकतील. हाँगकाँगच्या नोंदींत तर असा लाभ आढळलाच नाही.

म्हणून खरी कसोटी वेगळी असते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे दोन गट पाडावयाचे. एकास औषध, दुसऱ्यास तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी द्यावयाची. अशी एक चाचणी घरीच राहिलेल्या ५५ रुग्णांवर झाली व २०२२ साली प्रसिद्ध झाली. लक्षणे निम्म्यावर येण्यास औषध घेणाऱ्यांस ८.२ दिवस लागले, इतरांस ११.४. फळ उत्साहवर्धक खरे. पण एवढ्या थोड्या रुग्णांवरून प्राण वाचतात की नाही, हे ठरत नाही.

याउलट डेक्सामेथासोन हे दुसरे जुने, स्वस्त औषध ब्रिटनमध्ये २०२० साली हजारो रुग्णांवर, असेच चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडून, पारखले गेले. श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एकतृतीयांशाने घटले, आणि जगाने ते स्वीकारले. जुन्या औषधास नवे काम देणे चूक नव्हे. कसोटीवाचून देणे चूक होय.

आमच्या कुटुंबांनी यातून एवढेच घ्यावे: शेजाऱ्यास गुण आला म्हणून गोळी घेऊ नये. फॅमोटिडीन बऱ्याच अंशी मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते; मूत्रपिंडे अधू असलेल्या वृद्धांस नेहमीच्या मात्रेनेही भ्रम होऊ शकतो. गोळी साधी असली, तरी वैद्यास विचारूनच घ्यावी.