प्राणवायूचे बुडबुडे आणि भीमबेटकाचे आग्या मोहोळ

ओहोटी लागली की कळव्याच्या खाडीकाठी सडक्या अंड्यांसारखा वास येतो. शहराच्या सांडपाण्याचा त्यात वाटा आहेच. पण तिवरांखालच्या काळ्या चिखलाचा तो स्वभावही आहे. वरचा पातळ थर सोडला की तिथे प्राणवायू नसतो. तिथले जीवाणू पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. पृथ्वीच्या इतिहासात फार मोठा काळ कित्येक समुद्रांच्या काठांशी अशीच स्थिती होती, आणि खोल पाण्यात प्राणवायूऐवजी लोह विरघळलेले होते.

कळव्यामागचा पारसिकचा डोंगर त्या समुद्रांची साक्ष देऊ शकत नाही. तो दख्खनच्या लाव्ह्याचा, जेमतेम 6.6 कोटी वर्षांचा. त्यासाठी नर्मदा ओलांडून विंध्य खडकांकडेच जायला हवे.

डेहराडूनच्या वाडिया संस्थेतले रफत आझमी यांनी 1998 मध्ये या खडकांत बारीक कवचांचे जीवाश्म सापडल्याचे मांडले. तशी कवचे सुमारे 54 कोटी वर्षांपूर्वी, कॅम्ब्रियनच्या आरंभी दिसतात; म्हणजे विंध्य खडक समजत होते त्याहून फारच तरुण ठरले असते. मोठा वाद झाला. हे जीवाश्म खरे आहेत का, इथपर्यंत शंका घेतली गेली. मग स्वीडनचे स्टेफान बेंग्टसन आणि सहकाऱ्यांनी चित्रकूटचे नमुने तपासले. 2009 चा त्यांचा निष्कर्ष मला या साऱ्या कथेतला सर्वांत देखणा भाग वाटतो: जीवाश्म अस्सल, पण खडक सुमारे 165 कोटी वर्षांचा! 2017 मध्ये क्ष-किरणांनी आतल्या पेशी पाहिल्यावर त्यांनी ते तांबड्या शैवालासारखे जीव असल्याचे सांगितले. तोवर ठाऊक असलेल्या तांबड्या शैवालाहून ते 40 कोटी वर्षांनी जुने होते. त्यातल्या एकाला नाव दिले राफाताझ्मिया चित्रकूटेन्सिस. आझमींचा काळाचा अंदाज चुकला. त्यांची नजर चुकली नव्हती.

हे शैवाल उथळ पाण्यातल्या सूक्ष्मजीवांच्या थरांत वाढले. त्याच विंध्य थरांत बुडबुड्यांचे ठसेही आहेत. प्रकाशावर जगणाऱ्या जीवाणूंनी सोडलेल्या प्राणवायूचे ते बुडबुडे असावेत, असे 2018 च्या अभ्यासाने मांडले. हवेतला प्राणवायू तेव्हा आजच्या फार तर काही टक्के, काही अंदाजांनुसार एक टक्क्याहूनही कमी. पण या थरांत मात्र तो तयार होत होता.

मग प्राण्यांना आणखी अब्ज वर्षे का लागली? प्राणवायूची टंचाई, हे नेहमीचे उत्तर. ते मला अपुरे वाटते. 2014 मध्ये डेन्मार्कच्या किनाऱ्यावरचे स्पंज आजच्या पातळीच्या अर्धा ते चार टक्के प्राणवायूतही तग धरताना दिसले. साध्या प्राण्यांना तेवढा पुरत असेल, तर उशिराचे कारण केवळ हवेत शोधून चालणार नाही.

त्यासाठी आधी प्राणी खडकांत कुठे आणि केव्हा दिसतात, हे पाहायला हवे. म्हणूनच याच विंध्य खडकांतल्या भीमबेटकाच्या 2021 मधल्या बातमीने माझ्यासारख्यांचे डोळे चमकले. 1957 मध्ये विष्णु श्रीधर वाकणकरांनी जगापुढे आणलेल्या त्या शैलाश्रयांत, छताजवळच्या दगडावर डिकिन्सोनियाचा ठसा असल्याचे भूवैज्ञानिक ग्रेगरी रिटॅलॅक यांच्या गटाने जाहीर केले. डिकिन्सोनिया प्राणीच होता, हे 2018 मध्ये रशियातल्या 55.8 कोटी वर्षांपूर्वीच्या नमुन्यांतील कोलेस्टेरॉलच्या अवशेषांवरून दाखवले गेले होते. भीमबेटकाचा ठसा खरा असता, तर तिथला वालुकाश्म साधारण 55 कोटी वर्षांचा ठरला असता.

भूवैज्ञानिक जोसेफ मीर्ट यांच्या गटाने जवळ जाऊन पाहिले, तर ‘जीवाश्म’ दगडावरून सुटू लागला होता. आत मधमाश्यांच्या पोळ्याची षटकोनी घरे होती. ते आग्या मोहोळाचे झडलेले अवशेष होते. 2023 मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि रिटॅलॅक यांनीही चूक मान्य केली, ही गोष्ट आवर्जून सांगायला हवी. त्या वालुकाश्माचे वय अब्ज वर्षांच्या आसपास असल्याचे मीर्ट यांचा गट झिर्कॉनच्या कणांवरून आधीपासून सांगत होता. त्या मताच्या आड येणारा हा पुरावा आता उरला नाही.

भारतातल्या आरंभीच्या प्राण्यांचा माग त्यामुळे जोधपूरच्या वालुकाश्मात, नैनितालच्या क्रोल थरांत आणि मसुरीच्या ताल थरांतच काढावा लागतो.