शाळेचे महाजन

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने माजी विद्यार्थी संघ स्थापन व्हावा, पहिली दोन वर्षे त्याची स्नेहसंमेलने थाटात व्हावीत, आणि पाचव्या वर्षी संघ अस्तित्वात आहे की नाही, हे त्याच्या अध्यक्षांनाही छातीठोकपणे सांगता येऊ नये, हा अनुभव आपल्याकडे इतका सार्वत्रिक झाला आहे की त्याचे कोणास नवल वाटेनासे झाले आहे. त्यातही परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांची कथा निराळी. महोत्सवाच्या स्मरणिकेत त्यांचे छायाचित्र छापून येते, व्यासपीठावरून त्यांच्या कर्तृत्वाचा गौरव होतो, शाळेच्या छपरासाठी त्यांच्याकडे देणगी मागितली जाते; आणि एकदा छप्पर झाले की त्यांचे स्मरण पुढच्या छपरापर्यंत कोणास राहत नाही. पुढे त्यांच्याकडून पत्राचे उत्तर आले नाही, तर 'परदेशी गेला आणि मातीला विसरला' असा शेरा मारण्यास मात्र आपण मोकळे असतो. विसर प्रथम कोणास पडला, ह्याचा विचार आम्हांस अगत्याचा वाटतो.

हा विचार मांडताना आम्ही मुद्दाम बुऱ्हाणपूरसारखे दूरचे शहर डोळ्यांपुढे ठेवीत आहोत. आमच्या वाचकांना बुऱ्हाणपूर ठाऊक असते ते इतिहासातले. तापीकाठच्या ह्या शहरात 1631 मध्ये मुमताज महल निवर्तली, 1667 मध्ये मिर्झा राजा जयसिंग वारला, आणि 1681 मध्ये राज्याभिषेक होताच संभाजी महाराजांच्या फौजांनी ह्याच शहराच्या श्रीमंत पुऱ्यांवर धाड घातली. परंतु मराठी भाषकांच्या दृष्टीने त्याचा अलीकडचा इतिहास अधिक विचार करण्यासारखा आहे. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात हे शहर निमाड जिल्ह्यात होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि निमाड भोपाळच्या नव्या मध्य प्रदेशात राहिला. 2003 मध्ये बुऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला. पलीकडे लागूनच खानदेश, घरात मराठी, आणि राज्यकारभार हिंदीत, अशी तेथील अनेक कुटुंबांची स्थिती आहे. केळी आणि यंत्रमाग ह्यांवर चालणाऱ्या शहरात उच्चशिक्षित तरुणाला वाव तो किती असणार? तो प्रथम इंदूरला किंवा पुण्याला जातो आणि तेथून आखातात, इंग्लंडात वा अमेरिकेत. पुण्याच्या मुलाला परदेशात गेल्यावर 'पुणेकर' म्हणून ओळख असते. बुऱ्हाणपूरचा मराठी मुलगा मात्र तेथील महाराष्ट्र मंडळात महाराष्ट्राबाहेरचा आणि मध्य प्रदेशीयांत मराठी ठरण्याचा संभव. त्याची निर्विवाद ओळख एकच, ती म्हणजे त्याची शाळा. सीमेवरच्या गावात माजी विद्यार्थी संघ ही हौसेची बाब नव्हे, असे आम्ही म्हणतो ते ह्यामुळे.

दूरदेशी गेलेला माणूस बुऱ्हाणपूरला परत येत नाही, असेही नाही. ह्या शहरातील दर्गा-ए-हकीमी हे दाऊदी बोहरा समाजाचे श्रद्धास्थान आहे आणि देशोदेशी विखुरलेले बोहरा भाविक तेथे आवर्जून येतात. श्रद्धा हे त्याचे मूळ खरे. पण आलेल्याची तेथे ठरलेली व्यवस्था असते, हेही तितकेच खरे. येणाऱ्याला आपण परका नाही, असे वाटावे लागते. शाळेच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिलेल्या माजी विद्यार्थ्याला मात्र पुष्कळदा शिपाई विचारतो, "काय काम आहे?" आणि ह्या प्रश्नाला त्या बिचाऱ्यापाशी उत्तर नसते.

ह्याच गोष्टीचा प्रत्यय गोमंतकीय वाचकांना आपल्या घरात आहे. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली. भक्तांची कुटुंबे कारवार, मंगळूर, कोची, मुंबई अशी पांगली. चारशे वर्षांहून अधिक काळ लोटला, भाषा बदलल्या, राजवटी बदलल्या. तरीही ही कुटुंबे कुलदेवतेच्या दारी येत राहिली. केवळ भक्तीच्या उमाळ्याने हे घडले, असे मानणे भाबडेपणाचे होईल. देवस्थानाला महाजन असतात, महाजनांची नोंदवही असते, आणि 1933 च्या पोर्तुगीजकालीन देवस्थान नियमावलीने तर त्या नोंदीला कायद्याचे अधिष्ठान दिले. मुलगा वयात आला की त्याचे नाव चढते. मग तो पणजीत राहो की पॅरिसमध्ये, त्याचा अधिकार नोंदलेला असतो आणि त्याबरोबर त्याचे कर्तव्यही. ह्या व्यवस्थेतील स्त्रियांचे व इतर समाजांचे स्थान हा वादाचा विषय आहे आणि तिचा तो दोष शाळेने मुळीच उचलू नये. पण नोंदवहीचा गुण अवश्य उचलावा. शाळेची नोंदवही जात विचारीत नाही. जो बाकावर बसला तो तिचा महाजन.

अशी वही शाळेपाशी आधीच असते. शाळेचे जनरल रजिस्टर म्हणजे शाळेत पाऊल टाकलेल्या प्रत्येक मुलाची नोंद. नाव, जन्मतारीख, वडिलांचा व्यवसाय, शाळा सोडल्याचा दिवस, सर्व काही तीत असते. पुढे पारपत्रासाठी, जन्माच्या पुराव्यासाठी, परदेशी कार्यालयातील एखाद्या अर्जासाठी हाच उतारा मागितला जातो. तो मिळविण्यासाठी दुबईत किंवा लंडनमध्ये बसलेल्या माणसास भावाला वा मित्राला शाळेत चार खेपा घालण्याची गळ घालावी लागते. संघाने पहिले काम हेच हाती घ्यावे. मुख्याध्यापकांच्या अनुमतीने जुन्या रजिस्टरांची पाने वाळवीच्या आणि पावसाच्या तावडीतून सोडवून त्यांच्या प्रती करून ठेवाव्यात, आणि दाखल्यासाठी आलेला अर्ज मार्गी लावण्याची जबाबदारी एका माणसावर सोपवावी. ज्या संघाने आपला अडलेला दाखला मिळवून दिला, त्या संघाचे पत्र कोणीही केरात टाकणार नाही.

दुसरा प्रश्न द्रव्याचा. 1908 साली पणजीत मुष्टिफंड संस्था उभी राहिली. तिच्या नावातच तिचा इतिहास आहे. मराठी शिक्षणासाठी घरोघरी मूठमूठ तांदूळ काढून ठेवावा आणि त्यातून शाळा चालावी, ही ती कल्पना. त्या काळी धनिक नव्हते असे नाही. परंतु एका धनिकाच्या मोठ्या देणगीने शाळा त्या धनिकाची होते, आणि शंभर घरांच्या मुठीने ती शंभर घरांची होते, हे मर्म त्या पिढीला उमगले होते. आज आपल्या डोळ्यांपुढे निराळीच उदाहरणे येतात. 2023 मध्ये नंदन निलेकणी ह्यांनी मुंबईच्या आय.आय.टी.ला 315 कोटी रुपये दिले आणि त्याची योग्य ती वाहवा झाली. पण आय.आय.टी.पाशी ह्या कामासाठी स्वतंत्र कार्यालये आहेत, पगारी माणसे आहेत. बुऱ्हाणपूरच्या शाळेने निलेकणींची वाट पाहत बसणे म्हणजे मृगजळामागे धावणे होय. दोनशे माजी विद्यार्थ्यांनी दरमहा शंभर रुपये दिले, तर वर्षाचे दोन लाख चाळीस हजार होतात. तेवढ्यात एक अर्धवेळ कारकून, टपालखर्च आणि काही गरजू मुलांची वह्यापुस्तके सहज भागतील.

येथे कायद्याचा एक काटा आहे आणि तो ठाऊक नसल्याने अनेक संघ अडचणीत येऊ शकतात. परकीय योगदानासंबंधीच्या 2010 च्या कायद्यानुसार, भारताचे पारपत्र बाळगणाऱ्या परदेशस्थ नागरिकाने आपल्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने पाठविलेले पैसे परकीय मानले जात नाहीत. परंतु ज्याने परक्या देशाचे नागरिकत्व घेतले, त्याची देणगी परकीय ठरते; मग त्याच्यापाशी ओ.सी.आय. कार्ड असले तरी. पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तेथील नागरिक झालेल्या गोमंतकीयांनी आणि त्यांच्या शाळांनी हा भेद पक्का ध्यानात ठेवावा. असे पैसे घ्यायचे तर केंद्र सरकारकडे नोंदणी हवी. 2020 च्या नियमांप्रमाणे तीसाठी संस्था तीन वर्षे चाललेली असावी आणि त्या काळात तिने आपल्या मुख्य कामावर किमान 15 लाख रुपये खर्च केलेले असावेत. ते नसेल, तर विशिष्ट कामापुरती पूर्वपरवानगी मागावी लागते. पैसे यावयाचे तेही स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतच. लहान संघाला हे झेपणारे नाही. म्हणून नोंदवहीत नाव व पत्ता ह्यांबरोबर नागरिकत्वाचाही रकाना असावा. पारपत्र भारतीय असेल त्याच्याकडून मूठ घ्यावी; नसेल त्याच्याकडून वेळ घ्यावा.

आणि खरे सांगावयाचे तर वेळ हीच अधिक मोलाची देणगी आहे. बारावीच्या मुलाला परदेशातील विद्यापीठाविषयी, आखातातील नोकरीच्या करारपत्राविषयी, दलालाच्या फसवणुकीविषयी जे शाळेतील शिक्षक सांगू शकणार नाहीत, ते तेथे वीस वर्षे काढलेला माजी विद्यार्थी अर्ध्या तासात सांगू शकतो. केंद्र सरकारने 7 सप्टेंबर 2021 रोजी सुरू केलेल्या विद्यांजली योजनेत सरकारी व अनुदानित शाळांना अशा स्वयंसेवकांचे साहाय्य घेता येते. माजी विद्यार्थी आणि परदेशस्थ भारतीय ह्यांनाही तीत स्थान आहे. अडचण घड्याळाची म्हणावी, तर रविवारी सायंकाळी साडेसात वाजता बुऱ्हाणपुरात वर्ग भरविला असता दुबईत सहा वाजलेले असतात, हिवाळ्यात लंडनमध्ये दुपारचे दोन आणि न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ. तिन्ही ठिकाणचा माणूस जागा आहे. प्रश्न एवढाच, की त्याला बोलावणार कोण?

ह्या 'कोण'पाशीच बहुतेक संघ अडतात. व्हॉट्सॲपवर गट काढला म्हणजे संघ चालला, ही आजची गोड समजूत आहे. तेथे पहाटेचे सुविचार असतात, वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात, निवडणुकीच्या दिवसांत हमरीतुमरीही असते. फक्त कोणावर काही करण्याची जबाबदारी नसते. दुसरा रोग मानापमानाचा. गावात राहिलेला म्हणतो, राबायचे आम्ही आणि हुकूम सोडायचे ह्यांनी; परदेशातला म्हणतो, पैसे पाठवायचे आम्ही आणि हिशेब विचारला की ह्यांना राग. दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. आमच्या मते कामाची वाटणी स्पष्ट असावी. निर्णय गावातल्या कार्यकारिणीने घ्यावा, कारण परिणाम तिलाच भोगावयाचे असतात. हिशेब तपासण्याचा अधिकार मात्र परदेशातील सभासदांतून निवडलेल्या दोघांना असावा. संघाची रीतसर नोंदणी करावी. मध्य प्रदेशात त्यासाठी 1973 चा संस्था नोंदणी कायदा आहे. कोणताही पदाधिकारी तीन वर्षांहून अधिक काळ खुर्चीत राहू नये. आणि दर तिमाहीस एक पानी पत्र प्रत्येक सभासदास जावे : आले किती, गेले किती, कोणत्या वर्गाला काय मिळाले, कोणते गुरुजी निवृत्त झाले, कोणते निवर्तले. ह्या पत्राला आम्ही संमेलनाहून अधिक महत्त्व देतो.

कामाशिवाय संघ टिकत नाही, ह्याचा दाखलाही आपल्याच इतिहासात आहे. 19 डिसेंबर 1961 पर्यंत गोमंतकीयाला मुंबई हीच परदेशी होती. मध्ये सरहद्द होती, जकात होती, दुसरे राज्य होते. त्या परदेशात 1919 साली गोवा हिंदु असोसिएशन निघाली. ती केवळ आठवणी काढण्यासाठी भरणारी बैठक राहिली असती, तर पहिल्या पिढीबरोबरच संपली असती. तिने विद्यार्थ्यांना साहाय्य दिले, पुढे नाट्यशाखा काढली, आणि 'रायगडाला जेव्हा जाग येते', 'मत्स्यगंधा' ह्यांसारखी नाटके रंगभूमीवर आणली. काम होते म्हणून नवी माणसे येत गेली, आणि माणसे येत गेली म्हणून गावाकडचा धागाही तुटला नाही.

आता अवधी फार उरलेला नाही, हे शेवटी सांगणे भाग आहे. पटसंख्या घटल्याने मराठी शाळा बंद होण्याचे प्रसंग आपल्या गोव्यातही नवे राहिलेले नाहीत. राज्याची भाषाच निराळी असलेल्या बुऱ्हाणपूरसारख्या ठिकाणी तर त्या शाळांमागे ना बहुसंख्या, ना मतपेटी. शाळा बंद झाल्यावर तिचे बाक लिलावात जातात आणि तिची रजिस्टरे कोठे जातात, हे कोणी विचारीत नाही. तीन पिढ्यांची नावे ज्या वहीत आहेत ती वही जपणारे कोणी असेल, तर ते त्या वहीतील माणसेच. ज्यांच्या शाळेला संघ नाही त्यांनी तो काढावा आणि ज्यांच्या शाळेचा संघ निजला आहे त्यांनी त्याला जागे करावे. समारंभाची तारीख मागाहून ठरवावी. प्रथम मुख्याध्यापकांकडे जाऊन ती वही उघडण्याची अनुमती मागावी.