अनुभव आहे, पण कागदावर नाही

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्री आणि मशीन शॉपची दाटी आहे. कामाच्या शोधात परजिल्ह्यांतून, परराज्यांतून माणसं कोल्हापुरात येतात. हातात कसब असतं. बायोडाट्यात मात्र ते उतरत नाही.

वर्षानुवर्षं मशीनवर उभा राहिलेला माणूस ‘सीएनसी ऑपरेटर’ एवढंच लिहितो आणि उरलेलं पान जन्मतारीख, जात, वैवाहिक स्थिती यांनी भरतो. सुपरवायझरला हवं असतं वेगळंच. टर्निंग की मिलिंग? कंट्रोल फानुकचा की सीमेन्सचा? ड्रॉइंग वाचता येतं का? ऑफसेट स्वतः देता का? शेजारी बसून ही उत्तरं काढून घेणं, हीच खरी मदत. टेम्प्लेटची सजावट नंतर.

असा हात देणं कोल्हापूरला नवं नाही. याच शहरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग हे वसतिगृह उभं केलं आणि २६ जुलै १९०२ ला संस्थानच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. जागा आणि तयारी, दोन्हींची सोय त्यांनी पाहिली.

आज शासनाच्या महास्वयम पोर्टलवर नोंदणी मोफत होते. नोकरी लावतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याच्या वाटेला जाऊच नये. जुन्या मालकानं अनुभवाचा दाखला दिला नसेल, तर पीएफ खातं तपासावं. पगारातून पीएफ कापून खात्यात भरला गेला असेल, तर त्या कंपनीचं नाव तिथं सापडतं.