व्याकरण आणि भाषेची घडण



व्याकरणाचा विषय निघाला की विभक्तिप्रत्ययांचे पाठांतर आणि परीक्षेतील थोडे गुण एवढेच बहुतेकांना आठवते. भाषा बोलता येते, मग तिचे नियम कशाला शिकायचे, हा विद्यार्थ्यांचा प्रश्न वरवर पाहता रास्तच आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली आले आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. म्हणजे व्याकरणाचा ग्रंथ भाषेच्या मागून येतो, हे खरे. व्याकरण मात्र भाषेबरोबरच जन्मते. ग्रंथकार ते शोधून मांडतो.

‘वाघाने हरणाला मारले’ हे वाक्य घेऊ. ‘हरणाला वाघाने मारले’ असा क्रम बदलला तरी अर्थ तोच राहतो. आता शब्द तेच ठेवून प्रत्ययांची अदलाबदल करा : ‘वाघाला हरणाने मारले.’ एवढ्याने मारणारा आणि मरणारा बदलला! ‘ने’ आणि ‘ला’ यांना स्वतंत्रपणे काही अर्थ नाही, पण कोणी कोणाचे काय केले हे त्यांच्यावाचून कळत नाही. भाषेची घडण म्हणतात ती हीच.

परकीय शब्दांनी मराठी बुडेल अशी भीती पुष्कळांना वाटते. ‘रस्ता’ फारसीतून आला, ‘बटाटा’ पोर्तुगीजांकडून, ‘अडकित्ता’ कन्नडमधून, ‘टेबल’ इंग्रजीतून. परंतु आपण ‘रस्त्यावर’, ‘बटाट्याची’, ‘अडकित्त्याने’, ‘टेबलावर’ असे म्हणतो. घरात येताच या पाहुण्यांनी मराठीचे सामान्यरूप स्वीकारले. शब्द उसने घेता येतात; त्यांना आपलेसे करण्याचे काम व्याकरण करते.

या घडणीचे सर्वांत सूक्ष्म दर्शन आपल्या प्रयोगव्यवस्थेत होते. ‘सुमन निबंध लिहिते’ येथे क्रियापद सुमनप्रमाणे चालते. हा कर्तरी प्रयोग. ‘सुमनने निबंध लिहिला’, ‘सुमनने कविता लिहिली’, ‘सुमनने पत्र लिहिले’ येथे लिहिणारी तीच आहे, पण क्रियापद निबंध, कविता आणि पत्र या कर्मांच्या लिंगाप्रमाणे बदलते. हा कर्मणी प्रयोग. ‘शिपायाने चोरांना पकडले’ येथे ते कोणाच्याच मागे न जाता नपुंसकलिंगी एकवचनात राहते. हा भावे प्रयोग. मराठीच्या घरात वाढलेले मूल एकही व्याख्या न शिकता हे सारे पाळते.

या संदर्भात माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. अध्यापनाच्या पहिल्याच वर्षी मी एका विद्यार्थ्याला गृहपाठाविषयी विचारले. तो उभा राहून म्हणाला, “सर, मी निबंध लिहिलो.” वर्ग हसला. मीही हसलो. ‘लिहिला म्हणावे’ एवढे सांगून मी पुढे गेलो. त्यानंतर वर्षभर तो मुलगा वर्गात आपण होऊन एक शब्दही बोलला नाही.

तो तसे का म्हणाला, याचा विचार मी फार उशिरा केला. आपल्या बेळगावच्या परिसरात मराठी मूल कन्नड ऐकतच वाढते. कन्नडमध्ये ‘नानु केलस माडिदे’ म्हणजे ‘मी काम केले’. तेथे ‘माडिदे’ हे रूप ‘नानु’ या कर्त्याप्रमाणे होते. कर्माशी त्याचा संबंध नाही. त्यातून मराठीचा ‘मी’ फसवा आहे. ‘तो लिहितो’ आणि ‘त्याने लिहिले’ यांत कर्त्याचे रूप बदलते. ‘मी लिहितो’ आणि ‘मी लिहिले’ यांत ते बदललेले दिसत नाही. शिवाय प्रमाण मराठीतही ‘मी चहा प्यालो’, ‘मी धडा शिकलो’, ‘मी नाव विसरलो’ असेच म्हणतात. म्हणजे कर्म असूनही क्रियापद कर्त्याचेच ऐकते. त्या मुलाने हाच नियम ‘लिहिणे’ या क्रियापदापर्यंत नेला होता. त्याच्या बोलीलाही नियम होता. तो माझ्या ओळखीचा नव्हता, इतकेच. ज्याला मी व्याकरणाचे अज्ञान समजलो, ते वस्तुतः माझे अज्ञान होते.

याचा अर्थ प्रमाणभाषा शिकवू नये असा कोणी करू नये. पुस्तक, अर्ज, परीक्षा आणि न्यायालय यांतील मराठी दूरदूरच्या मराठी माणसांना एकत्र जोडते आणि तिच्यावर प्रत्येक मुलाचा हक्क आहे. सीमाभागात तर तो हक्क अधिकच जपला पाहिजे. परंतु शिकवताना ‘लिहिलो’ आणि ‘लिहिला’ ही दोन्ही रूपे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत, क्रियापद येथे कोणाचे ऐकते हे मुलांनाच शोधू द्यावे आणि मग लेखनात कोणते रूप वापरायचे ते सांगावे. असे केले तर घरची बोली लाजेची वस्तू ठरत नाही आणि प्रमाणरूपही कायमचे लक्षात राहते.

व्याकरण दुसऱ्याच्या चुका मोजण्यासाठी शिकले तर माणसे गप्प होतात. त्याचे बोलणे कसे घडले हे जाणण्यासाठी शिकले तर ती बोलू लागतात. त्या विद्यार्थ्याची क्षमा मागण्याची संधी मला मिळाली नाही. या शाळेतील शिक्षकांवर तशी वेळ कधी न येवो, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.