मानमोडी की आणखी काही?

२००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरचे नाव एकाएकी देशभर झाले. तेथील कुक्कुटपालन केंद्रांत कोंबड्या पटापट मरत होत्या आणि ही मरतूक नेहमीच्या मानमोडीची, म्हणजे रानीखेत रोगाची, असाच अनेक व्यावसायिकांचा समज होता. भोपाळच्या प्रयोगशाळेने नमुने तपासल्यावर १८ फेब्रुवारीला जाहीर झाले ते निराळेच. तो ‘एच५एन१’ विषाणूचा बर्ड फ्लू होता, भारतातील पहिलाच.

व्यावसायिकांचा तो समज अगदीच निराधार होता असे म्हणता येणार नाही. दोन्ही रोगांत पक्षी मलूल होतात, श्वास कोंडतो, अंडी घटतात आणि पाहता पाहता खुराडे ओस पडते. प्रयोगशाळेवाचून त्यांतला भेद अनुभवी माणसालाही खात्रीने सांगता येत नाही. म्हणूनच, ‘ही मानमोडीच’ असे ठरवून स्वस्थ बसणे महागात पडते.

नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. विषाणूला तर ही सीमा नव्हतीच. शेजारच्या उच्छल तालुक्यातील कोंबड्याही माराव्या लागल्या. पुढे जळगाव जिल्ह्यातही रोग आढळला. लाखो पक्षी नष्ट करण्यात आले. त्या साथीत एकाही माणसाला लागण झाल्याचे आढळले नाही, हे सुदैव.

या विषाणूचे मूळ आश्रयस्थान म्हणजे रानबदकांसारखे पाणपक्षी. त्यांपैकी अनेक तो अंगात बाळगूनही धडधाकट हिंडतात. विष्ठेवाटे तो तळ्याकाठी पडतो आणि थंड, ओलसर जागी बरेच दिवस तग धरतो. तथापि, सारा दोष स्थलांतरित पाहुण्यांच्या माथी मारणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. एका शेडमधून दुसरीत रोग नेणारा बहुधा माणूसच असतो : त्याची पादत्राणे, अंड्यांचे ट्रे, खाद्याची पोती, पक्षी वाहणारी वाहने. दाराशी जंतुनाशक आणि वेगळी चप्पल ठेवणे, नवे पक्षी काही दिवस निराळे राखणे, मेलेला पक्षी उकिरड्यावर न फेकता चुना घालून खोल पुरणे, हे उपाय स्वस्त आहेत आणि म्हणूनच बहुधा दुर्लक्षित राहतात.

माणसाला हा रोग क्वचित होतो, पण झाला तर घातक ठरतो. १९९७ मध्ये हाँगकाँगला १८ जणांना लागण झाली आणि त्यांतील सहा दगावले. भारतात २०२१ च्या जुलैत हरियाणातील एक लहान मुलगा दिल्लीत या रोगाने मरण पावला. माणसांत परस्परांत सहज पसरण्याची शक्ती विषाणूला अद्याप लाभलेली नाही. ती लाभू नये यासाठीच कोंबड्यांतील साथ तातडीने मोडायची असते. धोका मुख्यतः आजारी पक्षी हाताळणाऱ्यास, सोलणाऱ्यास. नीट शिजलेल्या रश्श्यात विषाणू टिकत नाही. ७० अंश सेल्सिअसची उष्णता त्याला पुरते. तरीही प्रत्येक साथीत गिऱ्हाईक पाठ फिरवते आणि जेथे रोगाचा मागमूस नाही तेथील व्यावसायिकही बुडतो.

खरी अडचण आहे ती माहिती दडवण्याची, आणि तिचे मूळ भरपाईच्या नियमात आहे. सरकार मारलेल्या पक्ष्यांचे पैसे देते, रोगाने मेलेल्यांचे नाही. लवकर कळवणाऱ्याचा लाभ व्हावा, हा हेतू समजण्यासारखा आहे. मोठ्या शेडच्या मालकाला तो लागूही पडतो. पण परसात आठ गावठी कोंबड्या पाळणाऱ्या बाईचे काय? पाच मेल्यावर तिला शंका येते. कळवले तर तिघींचेच पैसे, तेही केव्हा मिळतील ते मिळतील. शिवाय शेजाऱ्यांचीही खुराडी रिकामी केल्याचा बोल तिच्याच माथी. उरलेल्या तीन बाजारात विकणे किंवा शिजवणे तिला शहाणपणाचे वाटले, तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही.

नवापुरात २०२१ च्या फेब्रुवारीत हा रोग पुन्हा आला आणि लाखो कोंबड्या पुन्हा मारल्या गेल्या. कोट्यवधींचा तोटा सोसण्यापेक्षा पहिली खबर देणाऱ्या घराला मेलेल्या पक्ष्यांचेही मोल आठवड्याभरात हाती देणे सरकारला कितीतरी स्वस्त पडेल.