जिथे प्लेगची गाठ, तिथेच लशीचं काम

बोकडाच्या मांसापासून केलेला रस्सा आणि त्यावर तरंगणारे तुपाचे थेंब. वर्णन वाचून भूक लागेल, पण हा पदार्थ शिजला तो १८९६ साली मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत, आणि त्या तुपाखाली प्लेगचे जिवंत जंतू वाढत होते. गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबतात तसे जंतूंचे बारीक पांढरे सुळके थेंबांपासून खाली उतरत. चंबू हलवला की ते तुटून तळाशी बसत आणि वर नवे धरू लागत. ओदेसात जन्मलेला, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत घडलेला वाल्डेमार हाफकिन काही आठवडे हे पीक घेत राहिला. मग साधारण ६५ ते ७० अंशांवर तासभर तापवून त्याने सगळे जंतू मारले आणि वर थोडं कार्बोलिक आम्ल घातलं. झाली प्लेगची लस! गोमांस वा डुकराचं मांस वापरलं असतं तर मुंबईत ती कुणी दंडाजवळ येऊ दिली नसती, म्हणून बोकड.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला होता. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने स्वतःला लस टोचून घेतली, तीही पुढे लोकांना दिलेल्या मात्रेच्या कितीतरी पट. ताप आला, अंग दुखलं, उतरलं. महिना संपता संपता भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी स्वखुशीने दंड पुढे करत होते.

मेलेले जंतू टोचून जिवंत जंतूंपासून बचाव का व्हावा, याचा पुरा उलगडा हाफकिनच्या काळात झाला नव्हता. आज बराच झाला आहे, आणि तो तुपाच्या सुळक्यांहून विलक्षण आहे.

प्लेगचा जंतू अंगात शिरला की जवळच्या लसिका ग्रंथीत जाऊन वाढतो. पिसू बहुधा पायाला चावते, म्हणून जांघेत गाठ येते. जुन्या लोकांनी ‘गाठीचा ताप’ म्हटलं ते यामुळेच. लशीतले मेलेले जंतूही नेमके अशाच गाठींत पोचतात. त्वचेखालच्या भटक्या पेशी त्यांचे तुकडे गिळतात आणि ते घेऊन काखेतल्या ग्रंथीकडे निघतात. तिथे ‘बी’ पेशी असतात. प्रत्येकीच्या अंगावर वेगळ्या आकाराचा पकडणारा रेणू, आणि हे आकार शरीराने जनुकांचे तुकडे पिसून आधीच तयार ठेवलेले. कधी न पाहिलेल्या रोगाचा तुकडा समोर आला, तरी त्या असंख्य आकारांत एखादा थोडाफार जुळतोच.

खरी गंमत पुढे आहे. जुळलेली पेशी भराभर दुभंगू लागते आणि दुभंगताना त्या पकडणाऱ्या रेणूच्या, म्हणजे प्रतिपिंडाच्या, जनुकात मुद्दाम चुका करते, एरवीच्या सुमारे दहा लाख पट वेगाने. बहुतेक चुका वाया जातात, त्या पेशी मरतात. ज्यांची पकड चुकीमुळे घट्ट झाली, त्या टिकतात आणि पुन्हा दुभंगतात. डार्विनने सांगितलेली निवड आपल्या काखेत काही आठवड्यांत घडते! करोनाची लस घेतल्यावर अनेकांच्या काखेत अवधाण आलं, ते याच कामामुळे.

अडचण वेळेची आहे. उपचार नसेल तर प्लेग आठवड्याच्या आत माणूस नेऊ शकतो, आणि या कामाला आठवडा-दोन आठवडे लागतात. शेतमजुराला हंगामाआधी उचल मिळावी, तसे लशीमुळे शरीराला हे दिवस आगाऊ मिळतात. म्हणजेच टोचून घेतल्या दिवशी माणूस जवळपास आदल्या दिवसाइतकाच उघडा असतो. करोनाच्या वेळी ‘लस घेतली’ म्हणून त्याच संध्याकाळी मास्क काढणाऱ्यांच्या हे ध्यानात आलं नव्हतं.

आपल्या खेड्यांतल्या लोकांकडे या मधल्या काळासाठी एक उपाय होता: घरात उंदीर पडला की घर सोडायचं आणि रानात झोपडी घालून राहायचं. सरकारी पथकं भिंतींना चुना मारत आणि गटारं धूत असताना हे शहाणपण त्यांच्यापुढे होतं, असं माझं मत. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरची पिसूच प्लेग पसरवते हे प्रयोगाने दाखवलं. उंदीर मरून थंड पडला की पिसवा ऊबदार अंग शोधत निघतात. तोवर माणसं रानात गेलेली असली तर बरं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत हाफकिन बडोद्याजवळच्या उंडेरा गावी गेला. एका वस्तीला लस आणि दुसरीला नाही, असं केलं असतं तर घरं, पाणी, उंदीर सगळ्यातलाच फरक आड आला असता. म्हणून त्याने प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना टोचलं. छप्पर एक, चूल एक, पिसवाही त्याच. नंतर ज्या घरांत प्लेग शिरला, तिथल्या न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ गेले. टोचलेले ७१ होते. त्यांतले ८ आजारी पडले, ३ गेले.

त्या तिघांकडेही बघायला हवं. ही लस पूर्ण संरक्षण देत नव्हती, जे देई तेही काही महिन्यांत ओसरे, आणि साथ परतली की पुन्हा टोचावं लागे. शरीराने ठेवलेल्या रोगांच्या सगळ्याच आठवणी इतक्या अल्पायुषी नसतात. १९१८ च्या फ्लूतून वाचलेल्या, नव्वदी ओलांडलेल्या ३२ जणांचं रक्त अमेरिकेतल्या संशोधकांनी तपासलं, तेव्हा त्या फ्लूच्या विषाणूला धरणाऱ्या ‘बी’ पेशी त्यांच्यातल्या काहींच्या अंगात अजून फिरत होत्या. हे संशोधन २००८ साली प्रसिद्ध झालं. मधे नव्वद वर्षं गेली होती.